खोली बघायला गेल्यावर

"मॅडम, तिकडे आपल्या लोकांना नीट वागवतात ना हो?"

हा प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारत नाही. वर्ग सुटतो, मुलं जिना उतरून खाली गाड्या काढायला लागतात, आणि न्यायला आलेली आई किंवा वडील दाराशी थोडे रेंगाळतात. मी कोथरूडला घरीच जर्मन शिकवते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं मास्टर्सला जाणारी, काही नर्सिंगच्या प्रशिक्षणाला. बाकी सगळ्या गोष्टी आई-वडील मोकळेपणाने विचारतात. एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र किती दिवसांत येतं, व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटला पैसे कुठल्या बँकेतून पाठवायचे, वर्षाचे ११,९०४ युरो एकदम भरायचे का, थंडीचे कपडे इथून घ्यावेत की तिकडे. हा एक प्रश्न मात्र आवाज खाली आणून विचारला जातो. जणू तो विचारला तर मुलीचा उत्साह जाईल, किंवा आपणच मागासलेले ठरू.

मागे एका वडिलांनी त्याला एक पुस्ती जोडली. "आमची मुलगी तशी उजळच आहे. त्यामुळे तिला काही व्हायचं नाही, नाही का?"

मी त्यांना तिथेच सांगितलं की उजळ, गव्हाळ, निमगोरी ही मोजमापं आपल्या लग्नाच्या जाहिरातींपुरती आहेत. लाइपझिगच्या ट्राममध्ये तुमची मुलगी आणि तिची सावळी मैत्रीण शेजारी बसल्या, तर वाईट नजरेने बघणारा दोघींकडे सारखंच बघेल. ते गृहस्थ चांगले होते, मुलीच्या काळजीपोटीच बोलत होते. पण त्या वाक्यात एक भयंकर गोष्ट आहे. सावळ्या मुलीला त्रास झाला तर ते समजण्यासारखं आहे, हे त्यात आधीच मान्य केलेलं आहे. परदेशातल्या वर्णद्वेषाबद्दल विचार करायला बसलं की आपल्याकडची ही पट्टी आधी बाजूला ठेवावी लागते. ती हातात धरून दुसऱ्यांची मापं काढता येत नाहीत.

या प्रश्नाला पुण्यात दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं, नुकत्याच सहलीहून आलेल्यांचं: "छे हो, आम्ही बारा दिवसांत सहा देश केले, एकाने वाकडा शब्द बोलला नाही. उलट हसून नमस्ते म्हणतात." दुसरं, फोनवर फिरत आलेल्या व्हिडिओचं. कुठल्या तरी गाडीत कुणी तरी आपल्या मुलावर ओरडतंय, "परत जा" म्हणतंय. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिनमध्ये भारतीयांवर लागोपाठ हल्ले झाले, आपल्या तिथल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली, तेव्हा आठवडाभर माझ्याकडे दुसरा विषय नव्हता. आयर्लंडला जाणारं माझ्या वर्गात कुणीच नव्हतं, तरीही.

दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण दोन्ही उत्तरं त्या आईच्या कामाची नाहीत.

सहलीला गेलेला माणूस पैसे देऊन गेलेला असतो. त्याची हॉटेलं ठरलेली, बस ठरलेली, जेवण ठरलेलं. त्याला भेटणारी माणसं म्हणजे खोलीची किल्ली देणारी, चॉकलेट विकणारी, रोपवेचं तिकीट फाडणारी. ही माणसं हसतात, कारण हसणं त्यांच्या कामाचा भाग आहे. त्यांच्याकडे आपण काही मागायला जात नाही, आपण द्यायला गेलेलो असतो. तरीही कधी कधी तिथेही टाका उसवतो. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलने फक्त भारतीय पाहुण्यांसाठी सूचनांचा कागद लावला होता. बुफेतलं खाणं बांधून नेऊ नका, व्हरांड्यात आणि बाल्कनीत हळू बोला, वगैरे. आपल्याकडे त्यावर मोठी चर्चा झाली आणि निम्म्या लोकांचं मत पडलं, "आपले लोक वागतातच तसे, मग लिहिलं तर काय चुकलं?" चुकलं ते असं की सूचना सगळ्या पाहुण्यांना लागू होती आणि नाव एकाच देशाचं होतं. बुफेतली केळी पिशवीत टाकणारे सगळ्या देशांत असतात. हॉटेलने नंतर माफी मागितली, कागद काढला. आपल्यातल्या निम्म्यांनी मात्र तो कागद मनातून काढला नाही.

शिकायला किंवा नोकरीला जाणारी मुलगी पाहुणी नसते. तिला खोली हवी असते. तिला ऑफिसातून शिक्का हवा असतो, कामाच्या ठिकाणी सुट्टी हवी असते, डॉक्टरांची वेळ हवी असते. ती कुणाकडे तरी काही मागायला जाते आणि समोरच्याला "नाही" म्हणण्याचा अधिकार असतो, कारण न सांगता. देश तुमच्याशी कसा वागतो हे तिथे कळतं. म्हणून माझ्याकडे आलेल्या आई-वडिलांना मी सांगते, कुठला देश चांगला आणि कुठला वाईट हे विचारूच नका. तिथे खोली कशी मिळते ते विचारा.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

२००७ मध्ये शिक्षकांसाठीच्या एका अभ्यासक्रमाच्या निमित्ताने मी लाइपझिगला होते. वसतिगृहातली खोली काही आठवड्यांत सोडायची होती. गोहलिस या भागातल्या एका घराची जाहिरात बघून मी फोन केला. बाई फार छान बोलल्या. माझं जर्मन तेव्हाही चांगलं होतं, आडनाव मी भरभर सांगितलं असावं, त्यांनी ते नीट ऐकलं नसावं. "आजच या, पाच वाजता." मी पाचला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजवली. जिन्याला नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास होता. दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, खोली दाखवायला काढलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणखी कुणी यायचं आहे का ते बघायला. मी नाव सांगितलं. त्यांनी जुडगा एप्रनच्या खिशात टाकला. तो खिशात पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "अरेरे," त्या म्हणाल्या, "अहो, अर्ध्या तासापूर्वीच खोली दिली हो. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला." आवाज अगदी मायेचा. त्यांनी मला ट्रामचा जवळचा थांबासुद्धा समजावून सांगितला.

मला शंका आली नव्हती. शंका आली ती माझ्या वर्गातल्या एका जर्मन मैत्रिणीला. तिने माझ्यासमोर त्याच नंबरवर फोन लावला. खोली रिकामी होती. "उद्या सकाळी या."

त्यानंतर मला खोली मिळाली ती ग्र्युनाऊमध्ये. पूर्व जर्मनीच्या काळातल्या सिमेंटच्या उंच इमारतींची ती वसाहत. घरमालकीण सत्तरीच्या, आयुष्यभर शहरातल्या सूतगिरणीत काम केलेल्या. त्यांनी दारातच मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "रात्री दहानंतर फोडणी नाही." दुसरं, "महिन्याच्या तीन तारखेला भाडं." तिसरं, "बूट बाहेर." हसणं नाही, चहा नाही. मला वाटलं इथेही नन्नाच आहे. त्यांनी आत जाऊन कराराचा कागद आणला आणि टेबलावर ठेवला. पुढे कळलं की गिरणीत त्यांच्या शेजारच्या यंत्रावर मोझांबिकहून आलेल्या मुली काम करत. त्या मुलींना शहराबाहेरच्या वसतिगृहात वेगळं ठेवलेलं असायचं, घरी कुणी बोलवायचं नाही. "मला ते तेव्हाही पटत नव्हतं," असं त्या एकदाच म्हणाल्या, बटाटे सोलता सोलता, वर न बघता.

तेव्हापासून गोड बोलण्यावरून मी कुणाचं माप काढत नाही. आपल्याकडे "किती छान बोलले हो" याला फार किंमत आहे, आणि जर्मनीत फटकळ माणसं पावलोपावली भेटतात. सायकलच्या वाटेवर चुकून पाऊल पडलं तर अनोळखी आजोबा ओरडतात. रविवारी बाटल्या कचऱ्यात टाकल्या तर शेजारीण येऊन सुनावते. नव्याने गेलेली मुलं रडवेली होऊन फोन करतात, "मॅडम, इथले लोक रेसिस्ट आहेत." मी विचारते, तो आजोबा गोऱ्या मुलावर ओरडला असता का? बहुतेक वेळा उत्तर येतं, हो, ओरडलाच असता. मग तो वर्णद्वेष नाही. तो आजोबांचा स्वभाव आहे. पण किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकणारी बाई गोड होती. हा फरक मुलांना जाण्याआधी सांगितला नाही तर ती रोज शंभर ठिकाणी जखमी होतात आणि खरी जखम होते तेव्हा "माझंच काही चुकलं असेल" म्हणून गप्प बसतात.

आणि बरेचदा कळतच नाही. हे सगळ्यांत थकवणारं. खोली खरंच गेली होती का? नोकरीचा अर्ज कच्चा होता की नाव वाचूनच बाजूला ठेवला? ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी राहिली ती सहज, की आणखी कशामुळे? पुण्यात सदाशिव पेठेतल्या दुकानदाराने तोंडावर "नाही" म्हटलं तर आपण दोन शब्द बोलतो, घरी येऊन सांगतो, विसरतो. तिकडे तेच "नाही" रात्री अंथरुणात येतं. ज्याला रंगाची काळजी करावी लागत नाही, त्याला हा हिशेब कधीच करावा लागत नाही. त्याच्यासाठी वाईट दिवस म्हणजे फक्त वाईट दिवस असतो.

मी लाइपझिगला असतानाच, त्या ऑगस्टमध्ये, जवळच्या म्युगेल्न नावाच्या छोट्या गावी जत्रेच्या रात्री पन्नासेक जणांच्या जमावाने आठ भारतीयांचा गावभर पाठलाग केला. त्यांनी एका पिझ्झाच्या दुकानात आसरा घेतला, जमावाने दार फोडायचा प्रयत्न केला, पोलिसांची मोठी कुमक आल्यावर ते सुटले. गावाचे महापौर म्हणाले, आमच्या गावात तसले अतिरेकी नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या घरमालकिणीने वर्तमानपत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि संध्याकाळी सातनंतर कुठल्या गाडीने प्रवास करायचा नाही ते बोटांवर मोजून सांगितलं.

म्युगेल्न एकटं नव्हतं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉकमध्ये व्हिएतनामी कामगार राहत असलेल्या इमारतीला जमावाने आग लावली, शंभराहून जास्त माणसं आत होती, ती गच्चीवरून पलीकडे जाऊन वाचली, आणि खाली उभे असलेले शेजारी टाळ्या वाजवत होते. २००० मध्ये जर्मनीने संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड योजना काढली, तेव्हा एका मोठ्या पक्षाच्या प्रांतिक नेत्याच्या निवडणूक प्रचारात "भारतीयांऐवजी आपली मुलं" ही घोषणा घुमली. आमच्या पुण्यातून पहिली संगणकवाली मुलं तेव्हाच तिकडे जात होती. तो नेता ती निवडणूक हरला हेही सांगायला हवं. २०२० च्या फेब्रुवारीत हानाऊमध्ये एका माणसाने स्थलांतरित कुटुंबांतल्या नऊ जणांना गोळ्या घातल्या. मी हे आई-वडिलांपासून लपवत नाही. आणि याच देशात २०२३-२४ या वर्षात जवळपास ४९,००० भारतीय विद्यार्थी शिकत होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त आपलेच, आणि त्यांतल्या बहुतेकांना जमावाचा पाठलाग आयुष्यात कधी दिसणार नाही. त्यांना दिसेल तो खिशात पडणारा जुडगा.

तो मोजलाही गेला आहे. २०१७ मध्ये बायरिशर रुंडफुंक ही प्रसारण संस्था आणि श्पीगेल हे साप्ताहिक यांच्या पत्रकारांनी दहा शहरांत घरांच्या जाहिरातींना सुमारे २०,००० अर्ज पाठवले. मजकूर सारखा, भाषा सारखी शुद्ध, बदललं फक्त नाव. अरबी आणि तुर्की नावांना घर बघायला बोलावणी स्पष्टपणे कमी आली, म्युनिकमध्ये सर्वांत कमी. हे वाचून मला वाईट वाटलंच, पण एक प्रकारचा दिलासाही वाटला. गोहलिसच्या दारात जे झालं ते माझ्या मनाचे खेळ नव्हते.

जर्मनीचा विषय निघाला की मला इरावती कर्वे आठवतात. फर्ग्युसनमध्ये शिकलेली ही तरुणी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेली. महर्षी कर्व्यांसारख्या स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांचाही या जाण्याला विरोध होता. तिथल्या कैसर विल्हेल्म या मानववंशशास्त्राच्या संस्थेत इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशांची उतरंड मानणारा हा शास्त्रज्ञ. त्याच्या सिद्धांतांचा पुढे नाझींनी वापर केला. त्याने या विद्यार्थिनीला विषय दिला तो माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा. अपेक्षा अशी की युरोपीय कवटीत हा फरक वेगळा दिसेल आणि त्यावरून गोऱ्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व सांगता येईल. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या, युरोपातल्या आणि वसाहतींतून आणलेल्या. आणि प्रबंधात लिहिलं की या फरकाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

मी कधी डेक्कन कॉलेजच्या आवारात गेले, जिथे त्यांनी पुढे इतकी वर्षं काम केलं, की मला तिथल्या झाडांखाली बर्लिनमधली ती पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी दिसते. परदेशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या सहीवर अवलंबून आहे त्या माणसासमोर तिने आपली मोजमापं ठेवली. तिच्याजवळ ना दूतावास होता, ना व्हॉट्सअ‍ॅपचा गट, ना रात्री फोन करायला आई. माझ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. घाबरू नका असं सांगण्यासाठी सांगत नाही, घाबरायला जागा आहे. पण तुम्ही ज्या रस्त्यावर चालला आहात तिथे आपल्याच गावातलं कुणी तरी फार ताठ चालून गेलेलं आहे, हे माहीत असावं.

आता मला सर्वांत जास्त शिकवून गेलेल्या विद्यार्थ्याबद्दल. तो सुदानचा. पुण्यात फार्मसी शिकायला आला, मधेच २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच्या देशात युद्ध सुरू झालं, घरून पैसे येणं थांबलं. परतायला घर उरलं नाही, म्हणून जर्मनीत पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवून माझ्याकडे आला. कोंढव्याहून बस बदलत यायचा. हिंदी उत्तम, मराठी कामापुरतं, अरबी आणि इंग्रजी होतीच. जर्मन त्याला इतरांपेक्षा लवकर आलं.

एका शनिवारी मी वर्गात खोली शोधण्याचा धडा घेत होते. नाटकच करवून घेते मी: एक मुलगी घरमालकीण, एक भाडेकरू. आमच्या मुली भाडेकरू झाल्या की गोड गोड बोलून, आभार मानून, "विचार करून कळवा हं" म्हणून निघून येत. याची पाळी आली तेव्हा त्याने घरमालकिणीला आधी विचारलं, "खोली रिकामी आहे हे तुम्ही आत्ता मला सांगितलंत, बरोबर? मी लिहून घेतो." मग तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव. मग म्हणाला, "अर्ज कुठे भरायचा? आजच भरतो." वर्ग बघतच राहिला. एका मुलीने विचारलं, हे तू कुठे शिकलास? तो सहज म्हणाला, "पुण्यात."

मग त्या दिवशी जर्मन बाजूला राहिलं आणि तासभर तोच शिकवत होता, हिंदीत. "पहले फोटो मत भेजो. पहले बात करो, फिर कागज दिखाओ, फिर सामने जाओ." एकट्याने जायचं नाही, वर्गातल्या कुणाला तरी घेऊन जायचं, साक्षीदार असतो. "खोली गेली" म्हणाले तर दुसऱ्याकडून फोन करून बघायचा, भांडायला नाही, स्वतःला खात्री पटावी म्हणून. नाही तर माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. जे लोक पहिल्याच भेटीत "तुमचे लोक" असा शब्द वापरतात त्यांची खोली मिळाली तरी घ्यायची नाही. मुली वहीत उतरवून घेत होत्या. खाली गाड्यांपाशी थांबलेले दोन पालक वर येऊन दारात उभे राहिले होते आणि त्यांनीही सगळं ऐकलं. जर्मनीत कधी न गेलेला हा मुलगा त्यांच्या मुलींना जर्मनीसाठी तयार करत होता आणि त्याचा सगळा अभ्यास आमच्या एनआयबीएम रोडवर, आमच्या एजंटांकडे, आमच्या सोसायट्यांच्या गेटवर झालेला होता.

त्यानंतर त्या दोघांपैकी कुणीही मला दाराशी थांबून तो प्रश्न विचारला नाही. एका आईने त्याला विचारलं, "जेवून जाशील का रे?"

पुण्याला या बाबतीत आठवण्यासारख्या चांगल्या गोष्टीही आहेत. फर्ग्युसनच्या वसतिगृहात रोज एक मुलगी खिडकीतून कुणाला तरी काही देते, हे तिथे प्राध्यापक असलेल्या शां. ब. मुजुमदारांच्या लक्षात आलं. चौकशी केली तर आत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने पडलेला, आणि ती त्याला जेवण आणून देत होती. परक्या गावात आजारी पडलेल्या मुलाला कुणी नाही, ही गोष्ट त्यांना लागली आणि त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभं राहिलं. त्याही आधी, १८७३ मध्ये, याच शहरात बसून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांचं दुःख त्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवता आलं. इतका मोठा धागा ज्या शहराच्या हातात आहे, तिथे आज आफ्रिकेतल्या मुलाला गेटवरचा रखवालदार आधार कार्ड मागतो आणि पोरं मागून "हबशी" म्हणून ओरडतात, याचा मला संताप येतो. ज्या मलिक अंबरने दख्खनमध्ये मुघलांना इतकी वर्षं थोपवलं तो हबशीच होता, हे आमच्याच इतिहासात आहे.

आणि बाबासाहेबांचा तो प्रसंग आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून ते १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. स्टेशनवर उतरले आणि प्रश्न उभा राहिला, राहायचं कुठे? पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. खोली गेली. हिंदू मित्राकडे सोय झाली नाही, ख्रिस्ती मित्राकडे झाली नाही, बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट बघितली. न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून परतलेल्या माणसाला आपल्या देशात एक खोली मिळाली नाही. हा प्रसंग मी वर्गात सांगते तेव्हा आधी सांगत नाही की हा कुणाचा आणि कुठला. मुलं विचारतात, "हे जर्मनीत झालं का, मॅडम?"

कायद्यांकडे पाहिलं तरी खोलीचं महत्त्व लक्षात येतं. ब्रिटनने १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा केला तो हॉटेलं, सिनेमागृहं, बस अशा सार्वजनिक जागांपुरता. भाड्याच्या घरांना तो लागू व्हायला १९६८ उजाडलं. अमेरिकेतही घरांबाबतचा कायदा १९६८ चाच, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झालेला. जर्मनीने २००६ मध्ये केला. सगळीकडे घर शेवटी येतं, कारण तिथे प्रत्येक जण म्हणतो, माझी जागा, माझी मर्जी. आपल्या राज्यघटनेचं पंधरावं कलम दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव यांची नावं घेतं. भाड्याच्या खोलीचं नाव त्यात नाही.

म्हणून मी मुलांना कोरडा धीर देत नाही, काम देते. जायच्या आधी विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी पहिल्याच दिवशी अर्ज करा, रांग मोठी असते. ज्या गावी चाललात तिथल्या भेदभावविरोधी सल्ला केंद्राचा पत्ता शोधून ठेवा, बऱ्याच मोठ्या शहरांत असतं आणि सल्ला फुकट मिळतो. काही घडलं तर त्याच रात्री तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. २००६ चा तो कायदा झाला तेव्हा दाद मागायला मुदत ठेवली ती दोन महिन्यांची, आणि आपली मुलं दोन महिने तर सहन करण्यातच घालवतात. अंगावर कुणी आलं तर ११० हा पोलिसांचा नंबर, लाजायचं नाही. दूतावास बर्लिनला, वाणिज्य दूतावास म्युनिक, फ्रांकफुर्ट आणि हांबुर्गला. आणि आई-वडिलांना सांगते, मुलीने फोनवर असं काही सांगितलं तर "दुर्लक्ष कर" हे पहिलं वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. ती तेच करून थकल्यावर तुम्हाला सांगत असते. आधी पूर्ण ऐकून घ्या.

सुदानचा तो मुलगा आता मागडेबुर्गला आहे. त्याला खोली मिळायला वेळ लागला, पण मिळाली. आता त्याची धाकटी बहीण पुण्यात येते आहे, शिकायला. तिच्यासाठी मी जागा बघते आहे. आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे, मालक द्यायला तयार आहेत. परदेशी भाडेकरू आला की २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, करारनामा नोंदवावा लागतो, हे सगळं त्यांना माहीत आहे आणि करायची तयारी आहे. अडचण आहे ती कमिटीच्या एका जुन्या ठरावाची: "परदेशी विद्यार्थ्यांना सदनिका भाड्याने देऊ नये." तो कधी झाला, का झाला, कुणालाच नीट आठवत नाही. विचारलं की सेक्रेटरी म्हणतात, "अहो ताई, मला वैयक्तिक काही नाही, पण लोकांना चालत नाही." आवाज अगदी गोड.

येत्या रविवारी सकाळी दहाला सोसायटीची सभा आहे. ठराव रद्द करावा असा लेखी अर्ज मी दिला आहे आणि पोच घेतली आहे, तारखेसकट. ज्या दोन घरांतली मुलं सध्या जर्मनीत आहेत त्यांच्या आई-वडिलांकडे काल संध्याकाळी मी जाऊन आले. एका घरातून सही मिळाली. दुसरे म्हणाले, विचार करून सांगतो. आज पुन्हा जाणार आहे.